घरात असूनही हरवलेली माणसं: जेरी पिंटोंच्या कादंबऱ्या समजून घेताना

जेरी पिंटो यांची ‘एम अँड द बिग हूम’ वाचायला घेणाऱ्यांची एक तक्रार हमखास कानावर येते. चाळीस-पन्नास पानं झाली, पण घडलं काय? आई दवाखान्यात आहे. ती चहा पिते, विड्या ओढते, आचरट विनोद करते. मुलगा जुन्या गोष्टी विचारतो, ती तिसरंच काहीतरी सांगते. मग घरी येते. काही दिवस बरे जातात आणि पुन्हा दवाखाना. खून नाही, मालमत्तेचा वाद नाही, शेवटी फुटणारं एखादं गुपितही नाही. तरी या छोटेखानी कादंबरीला २०१२ चं ‘द हिंदू’ साहित्य पारितोषिक मिळालं, २०१६ मध्ये इंग्रजीसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला, आणि त्याच वर्षी पिंटोंना येल विद्यापीठाचं विंडहॅम-कॅम्पबेल पारितोषिक मिळालं. शांता गोखल्यांनी ती ‘एम आणि हूमराव’ या नावाने मराठीत आणली आहे.

तक्रार खोटी म्हणता येणार नाही. कथानकाच्या मागे लागलं तर हाती फारसं काही लागत नाही. पिंटोंच्या लिखाणात जे घडतं ते ‘गमावणं’ आहे, आणि ते एखाद्या अमुक तारखेला घडून संपत नाही. रोज थोडं घडतं, मध्येच थांबतं, कधी उलटं फिरतं, गेलेलं माणूस चार दिवस परत आल्यासारखं वाटतं आणि पुन्हा जातं. असं गमावणं सरळ गोष्टीत बसवता येत नाही, कारण सरळ गोष्टीला शेवट लागतो. ही कादंबरी जशी लिहिलेली आहे तशी का आहे, याचं उत्तर तिथे आहे.

आधी थोडी ओळख. पिंटो १९६६ साली मुंबईत जन्मले. मूळचं कुटुंब गोव्याचं, कॅथलिक, वाढले माहीममध्ये. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, गणिताच्या शिकवण्या घेतल्या, पत्रकारिता केली, पुढे पत्रकारिता शिकवलीही. हिंदी सिनेमातल्या हेलनवर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सिनेमावरच्या उत्तम पुस्तकाचा मान मिळाला. कविता, मुलांसाठी पुस्तकं, अनुवाद असं बरंच काही त्यांच्या नावावर आहे. पण या सगळ्याच्या मागे दोन दशकांहून जास्त काळ एकच कादंबरी घोळत होती. त्यांच्या आईला बायपोलर हा मानसिक आजार होता, हे त्यांनी मुलाखतींतून उघडपणे सांगितलेलं आहे. ‘एम’ ही तिथून आलेली आहे.

कादंबरीतलं घर माहीममधलं, वन रूम किचनपेक्षा जेमतेम मोठं, म्हणजे एक बेडरूम, हॉल, किचन. त्यात चार माणसं. आई इमेल्डा मेंडेस, जिला मुलं ‘एम’ म्हणतात. वडील ऑगस्टीन, म्हणजे ‘बिग हूम’. मुलगी सुझन. आणि गोष्ट सांगणारा मुलगा, ज्याचं नाव आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. सुरुवातीलाच आपण सर जे. जे. रुग्णालयाच्या वॉर्ड नंबर ३३ मध्ये, म्हणजे मनोविकार विभागात, एमच्या खाटेजवळ असतो. मुलगा तिला बोलतं करतोय. तू बाबांना कशी भेटलीस? तेव्हा काय झालं? तुला केव्हा कळलं?

हे ‘केव्हा’ महत्त्वाचं आहे. मुलाला आईचा आजारापूर्वीचा चेहरा हवाय. तो त्याने पाहिलेलाच नाही. त्याला आठवतंय तेव्हापासून आई अशीच आहे. मग तो तिच्या जुन्या पत्रांतून, डायरीच्या चिटोऱ्यांतून, तिच्या असंबद्ध बोलण्यातून एक तरुणी जोडायला बसतो. ऑफिसात टायपिंग आणि शॉर्टहँड करून पगार आईच्या हातात ठेवणारी, पुस्तकं वाचणारी, लग्नाला घाबरणारी, वर्षानुवर्षं प्रेमात राहूनही चर्चच्या दारापर्यंत जायला टाळाटाळ करणारी. म्हणजे एका अर्थाने ही तपासकथाच आहे, फक्त ज्या माणसाचा शोध चालू आहे ते समोरच्या खाटेवर बसून विडी मागतंय.

मानसशास्त्रात या अवस्थेला नाव आहे. अमेरिकेतल्या पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांबरोबर काम केलं. नवरा मेला असं कुणी सांगत नाही, जिवंत आहे असंही नाही. बायकोने कुंकू पुसायचं की वाट बघायची? रडायचं तरी कशासाठी? यातून त्यांनी ‘धूसर वियोगा’ची कल्पना मांडली. त्याचे दोन प्रकार. एकात माणूस शरीराने नाही पण घरच्यांच्या मनातून जात नाही: बेपत्ता झालेलं माणूस, पळून गेलेलं मूल, ओळख न देता निघून गेलेला बाप. दुसऱ्यात माणूस शरीराने समोर आहे, जेवतंय, झोपतंय, पण ज्याला आपण ओळखत होतो ते माणूस त्यात सापडत नाही: स्मृतिभ्रंश झालेले आजोबा, व्यसनात बुडालेला भाऊ, तीव्र मानसिक आजारातली आई.

या वियोगाला दहावं-बारावं नसतं. मयताला शेजारी येतात, ऑफिसातून रजा मिळते, जेवणाचा डबा येतो. एमसारखी बाई घरात असली तर शेजारी जास्त येत नाहीत, उलट कमी येतात. शोक करायला लोकमान्यता लागते, ती मिळत नाही. आणि ज्याच्यासाठी शोक करायचा ते माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी एकदम ताजंतवानं होऊन तुमची चेष्टा करत असतं. मग आदल्या रात्रीच्या रडण्याचंच अपराधीपण.

पिंटो यातल्या दुसऱ्या प्रकाराचे लेखक आहेत असं ‘एम’वरून वाटेल. पण त्यांच्या तिन्ही कादंबऱ्या एका ओळीत ठेवल्या की दिसतं, ते दोन्ही प्रकारांशी झुंजतात, आणि तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच राहतो. जे माणूस आपल्याला कळत नाही, त्याचे आपण कोण?

बायपोलर म्हणजे नेमकं काय, हे इथे थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय कादंबरीची चाल लक्षात येत नाही. या आजारात मन दोन टोकांना जातं. एका टोकाला उन्माद: झोप नको, बोलणं थांबत नाही, पैसा उधळला जातो, आपण काहीही करू शकतो असं वाटतं. दुसऱ्या टोकाला नैराश्य: उठवत नाही, अंघोळ नको, जगणं नको. मधले दिवस नेहमीसारखे, अगदी छान जाऊ शकतात. हा स्वभाव नव्हे, मेंदूचा आजार आहे, आणि त्यावर औषधं आहेत. लिथियमचा उपयोग ऑस्ट्रेलियातले डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ मध्ये दाखवला. ते आजही वापरलं जातं, मात्र त्याची उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर थोडं असल्यामुळे अधूनमधून रक्त तपासावं लागतं. बाळंतपणानंतरचे आठवडे या आजाराची ठिणगी पडायला फार धोक्याचे असतात.

ही शेवटची गोष्ट कादंबरीत पुस्तकी माहिती म्हणून येत नाही. एम मुलाला सांगते की तू झालास आणि कुणीतरी नळ सोडला. आधी थेंब थेंब, काहीतरी काळं. मग वाढत गेलं. बोलण्याच्या ओघात, हातातली विडी न सोडता ती हे सांगते. आता ऐकणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. ज्या प्रश्नाचं उत्तर मिळावं म्हणून हा मुलगा इतकी वर्षं खोदतोय, ते उत्तर त्याची स्वतःची जन्मतारीख आहे. आई त्याला दोष देत नाही. ती फक्त हकीकत सांगते. दोष देण्याचं काम मग तो स्वतः करतो, आणि वाचकाला त्याच्या खांद्यावर हात ठेवून ‘अरे, तसं नसतं’ म्हणता येत नाही.

शिवाय त्याची एक भीती पानोपानी आहे. हे माझ्यात उतरलंय का? बायपोलर आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, पण आई-वडिलांना आहे म्हणजे मुलांना होणारच, असं नसतं. ही आकडेमोड डॉक्टरला सोपी, वीस वर्षांच्या मुलाला नाही. आज मला झोप लागली नाही, ती सुरुवात असेल? आज मी जरा जास्त हसलो का? आईकडून आपल्याला नाक मिळतं, आवाज मिळतो. हेही मिळालं असेल, तर आपलेपणाचा तोच पुरावा ठरायचा. घराण्याचा वारसा हा शब्द आपण किती कौतुकाने वापरतो.

आत्महत्येचे प्रयत्न हा या घरातला दुसरा सूर. त्याची कायद्याची बाजू आजच्या वाचकाला ठाऊक नसण्याची शक्यता आहे. कादंबरीचा काळ विसाव्या शतकाची शेवटची दशकं. तेव्हा भारतीय दंडविधानाचं कलम ३०९ लागू होतं: जीव द्यायचा प्रयत्न करून जो वाचला, त्याला एक वर्षापर्यंतची शिक्षा. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, शहरातल्याच एका मनोरुग्ण पोलीस शिपायाच्या खटल्यात, हे कलम घटनाबाह्य ठरवलं. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसंच म्हटलं आणि १९९६ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ते पुन्हा वैध ठरवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अखेर मान्य केलं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुनं कलम उरलेलंच नाही. याच २०१७ च्या कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध न देता विजेचे झटके देण्यावर बंदी घातली. एमला दिल्या गेलेल्या झटक्यांनंतर ती कशी होऊन येते ते वाचताना हे ध्यानात ठेवावं.

म्हणजे त्या काळातल्या घरात अशी घटना घडली की दुःख करायच्या आधी पोलीस, शेजारी आणि पाद्री या तिघांना काय सांगायचं ते ठरवावं लागे. कुटुंबांनी गप्प राहायची सवय लावून घेतली ती काही नुसत्या लाजेपोटी नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, २०१५-१६ साली, प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार असल्याचं दिसलं होतं. दहांतला एक. एवढ्या घरांतलं बोलणं जातं कुठे?

मेंडेसांच्या घरात ते बाहेर येतं विनोदातून. ही कादंबरी हसवते, आणि हसवते तेव्हा थोडं चोरल्यासारखं वाटतं. एमच्या जिभेला हाड नाही. लैंगिक गोष्टींपासून देवापर्यंत कशावरही ती बोलते, मुलांसमोर बोलते, मुलांविषयी बोलते. आई होणं म्हणजे एका चांगल्या बाईची वाट लागणं, असं तिचं मत, आणि ते ती ज्यांनी तिची वाट लावली त्यांनाच ऐकवते. आपल्या साहित्यातली आई म्हटली की त्याग, पदर आणि ओलावलेले डोळे. त्या आईच्या शेजारी एमला उभं करून पाहा. ती मुलांवर प्रेम करते यात शंका नाही, पण ते प्रेम आपल्या ओळखीच्या कुठल्याच मुद्रेत बसत नाही. मला या पुस्तकातली सर्वांत धाडसाची गोष्ट ही वाटते, आजारपणाचं चित्रण नव्हे.

विनोदाचं काम दुहेरी आहे. एमला तो शस्त्रासारखा वापरता येतो: प्रश्न अंगाशी यायला लागला की ती थट्टा करते आणि निसटते. मुलांना तो आसरा देतो: निदान हसता येतंय म्हणजे आजचा दिवस बरा. त्यामुळे वाचकाने एमच्या विनोदांकडे तापमापकासारखं पाहावं. ती बोलतेय तोवर ठीक आहे. ती गप्प होते ती पानं खरी भीतीची.

बाप मात्र पहिल्यापासूनच कमी बोलतो. गोव्याहून मुंबईला आलेला इंजिनिअर. नोकरी, घर, दोन मुलं, दवाखाना, सगळं त्याच्यावर. त्याच्या मनात काय चाललंय ते मुलालाही कळत नाही आणि आपल्यालाही. समीक्षकांनी बिग हूमचं फार कौतुक केलं आहे. माझं थोडं वेगळं मत आहे. हा माणूस जरा जास्तच खंबीर रंगवलाय. एखाद्या दुपारी त्याने दार आपटून निघून जावं, निदान बसस्टॉपपर्यंत जाऊन परत यावं, असं वाचताना सारखं वाटत राहतं. सुझनचंही तसंच. ती मुलाच्या बरोबरीने सगळं सोसते, पण तिच्या सोसण्याला पानं कमी मिळतात. मुलगी आहे म्हणून तिच्या वाट्याला घरातलं जे वेगळं ओझं आलं असेल त्याकडे निवेदक वळूनही बघत नाही. त्याचं सगळं लक्ष आईकडे, आणि निवेदन त्याचं असल्यामुळे आपलंही.

इथे एक प्रश्न अनेकांना पडतो. आई खरी, आजार खरा, माहीम खरं, मग सरळ आत्मचरित्र का नाही लिहिलं? आठवणी लिहिणाऱ्याला घडलं त्याच्याशी इमान राखावं लागतं, आणि आजारी माणसाच्या घरात घडणाऱ्या गोष्टी भयंकर एकसुरी असतात. दहा वेळा दवाखाना झाला तर दहा वेळा लिहावं लागेल. कादंबरीकार त्यातला एकच प्रवेश निवडतो आणि उरलेल्या नऊंचा भार त्यावर टाकतो. तो दोन संवाद एकत्र करतो, न झालेलं बोलणं घडवून आणतो. जिवंत नातलगांनाही त्यात थोडी मोकळीक मिळते. हा मी नाही, असं म्हणता येतं. पुढे २०१६ मध्ये पिंटोंनी खऱ्या अनुभवांचं ‘अ बुक ऑफ लाइट’ हे पुस्तकही संपादित केलं, ज्यात मानसिक आजार असलेल्या आप्तांविषयी वेगवेगळ्या लोकांनी लिहिलं. दोन्ही शेजारी ठेवून वाचली की कल्पितामुळे काय मिळालं ते कळतं.

आता आपलेपणाकडे, म्हणजे ‘आपण कुठले’ या प्रश्नाकडे. एमचं माहेर गोव्याचं खरं, पण व्हाया ब्रह्मदेश. पोटापाण्यासाठी रंगूनला गेलेली भारतीय कुटुंबं हजारोंनी होती. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी बॉम्ब पडायला लागले, मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि लाखो लोक मिळेल त्या वाटेने, कित्येक तर जंगलातून पायी, भारताकडे निघाले. एमच्या घरच्यांची मुंबई ही अशा पळापळीनंतरची मुंबई आहे. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे, १९ डिसेंबर १९६१ पर्यंत. म्हणजे गाव परक्या राजवटीत, राहतं शहर सुटलेलं, नवं शहर भाड्याचं.

मुंबईत गोवेकरांनी यावर आपला एक तोडगा काढला होता: कूड. धोबीतलाव, माझगाव भागांत गावागावांच्या नावाने चालणाऱ्या खोल्या. बोटीवर काम करणारा तारवटी दोन सफरींच्या मधे तिथे उतरायचा. अंग टाकायला जागा, ट्रंक ठेवायला भिंतीकडेचा कोपरा, गावच्या संताची तसबीर आणि संध्याकाळची प्रार्थना. तुम्ही त्या गावचे असलात की जागा तुमची. गोवेकरांच्या या मुंबईतच १८९२ मध्ये तियात्र या कोंकणी नाट्यप्रकाराचा पहिला प्रयोग झाला. कूडमध्ये आपलेपणाचा हिशेब साधा असतो.

मेंडेसांच्या फ्लॅटमध्ये तो साधा नाही. गावाचं नाव सांगून काही मिळत नाही. एमची आई, म्हणजे मुलांची आजी, बोलताना वाक्यातला नेमका शब्दच गाळते. ‘ते हे’ आणि ‘त्या ह्याने’ असं काहीतरी पुटपुटते आणि पुढे जाते. इतके देश आणि इतक्या भाषा बदलल्यावर शब्द कुठे कुठे सांडून गेलेत. परक्याला त्यातलं अक्षर कळणार नाही. घरच्यांना मात्र गाळलेल्या जागा भरता येतात, कारण त्या बाईचं आयुष्य त्यांना ठाऊक आहे. पिंटोंच्या घरातला आपला माणूस कोण, तर ज्याला आजीचं बोलणं कळतं तो. एमच्या बाबतीत हेच जास्त अवघड पातळीवर चालतं. तिच्या गाळलेल्या जागा कुणालाच भरता येत नाहीत, नवऱ्यालाही नाही. तरी तिघं खाटेजवळ बसतात. भेटीची वेळ असते, कुणीतरी चहा आणतं, ती बोलते, ते ऐकतात. या कादंबरीत प्रेमाचं सगळं काम ऐकण्यातून होतं. म्हणून ती इतकी संवादांनी भरलेली आहे, आणि म्हणून तिच्यात ‘काही घडत नाही’.

एमचा मृत्यू येतो तोही तिने पुन्हा पुन्हा धुंडाळलेल्या वाटेने नाही. इतक्या धडपडीनंतर तिचं हृदय साधेपणाने थांबतं. मग अंत्यविधी, माणसं, सोपस्कार. आयुष्यभर ज्या वियोगाला विधी नव्हता, त्याला एकाएकी सगळे विधी मिळतात, आणि घरच्यांना त्यांचं काय करायचं ते कळत नाही.

दुसरी कादंबरी, ‘मर्डर इन माहीम’, २०१७ ची. वरवर पाहता पोलिसी कथा. माटुंगा रोड स्टेशनच्या सार्वजनिक शौचालयात एका तरुणाचा मृतदेह सापडतो. निवृत्त पत्रकार पीटर आपल्या मित्राला, इन्स्पेक्टर जेंडेला, तपासात मदत करतो. हळूहळू शहरातल्या समलिंगी पुरुषांचं लपूनछपून चालणारं जग उलगडत जातं आणि पीटरला शंका येते की आपल्या मुलाचा याच्याशी काही संबंध तर नाही ना. पुस्तक आलं तेव्हाची परिस्थिती लक्षात घ्या. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ पुन्हा जिवंत केलं होतं आणि ते सप्टेंबर २०१८ पर्यंत तसंच राहिलं. त्या मधल्या काळात प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा होता, आणि खंडणीखोरांना तेवढं पुरेसं होतं.

रहस्यकथा म्हणून ती जेमतेम आहे. खुनी कोण याची मला शेवटी फारशी फिकीर राहिली नव्हती. पण त्यातला बाप-लेकाचा धागा पक्का. मुलगा जेवणाच्या टेबलावर समोर बसलाय, वरण वाढून घेतोय, आणि बापाला वाटतंय की हा कोण? विचारावं कसं? विचारलं आणि त्याने ‘हो’ म्हटलं तर आपण काय करणार आहोत? पीटर स्वतःला पुरोगामी समजतो. दुसऱ्यांच्या मुलांबाबत तो आहेही. इथे मुलगा हरवलाय तो केवळ बापाच्या डोक्यात. २०२४ मध्ये यावर हिंदी वेबमालिका आली, त्यात पीटर झालेत आशुतोष राणा आणि जेंडे झालेत विजय राज. तिच्यात पोलिसी भाग साहजिकच पुढे आला आहे.

तिसरी, ‘द एज्युकेशन ऑफ युरी’, २०२२ ची, पहिल्या प्रकारच्या वियोगाची. युरी फोन्सेका लहानपणीच पोरका झालाय. ज्युलिओ नावाच्या नातलगाने, अतिशय साध्या, सज्जन माणसाने, त्याला माहीममध्ये वाढवलंय. १९८० च्या दशकात पंधराव्या वर्षी तो एल्फिन्स्टन कॉलेजात जातो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला एक मित्र मिळतो, मुझम्मिल. आई-वडील नसणं हे या मुलाचं रोजचं दुःख नाही. त्याला ते आठवतच नाहीत. त्याची अडचण वेगळी आहे: ज्या माणसांच्या नकारातून किंवा होकारातून तरुण मुलं स्वतःला घडवतात, ती माणसंच नाहीत. बंड करायचं तर कुणाविरुद्ध? ज्युलिओसारख्या माणसाविरुद्ध बंड करणं म्हणजे उशीला गुद्दे मारणं. मग युरी कविता लिहून पाहतो, नक्षलवादाच्या जवळ जाऊन पाहतो, मैत्रीत आणि शरीराच्या ओढीत गोंधळून पाहतो. कादंबरी मधल्या भागात पसरट होते, पुस्तकांची आणि वर्गातल्या चर्चांची रेलचेल कंटाळा आणते. पण चर्चगेटहून माहीमला परतणाऱ्या त्या मुलाचं एकटेपण, मित्राच्या श्रीमंत घरात पाऊल टाकताना होणारा संकोच, खिशातल्या पैशांचा हिशेब, हे सगळं अचूक उतरलंय. मुंबईत कॉलेजसाठी ‘टाउन’ला गेलेल्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल.

मराठी वाचकाच्या दृष्टीने पिंटोंची आणखी एक बाजू आहे, त्यांचे अनुवाद. १९७८ मध्ये आलेलं दया पवारांचं ‘बलुतं’ इंग्रजीत यायला २०१५ उजाडलं, आणि ते पिंटोंनी आणलं. मल्लिका अमर शेख यांचं आत्मकथन आणि बाबूराव बागुलांच्या कथा त्यांनीच इंग्रजीत नेल्या. ही निवड पाहिली की लक्षात येतं, घर ज्यांना सहज मिळालं नाही, अशांच्या गोष्टींकडे हा लेखक पुन्हा पुन्हा जातो. जातीने गावकुसाबाहेर ठेवलेलं माणूस आणि आजाराने बोलण्याबाहेर ठेवलेलं माणूस यांची तुलना करायची नाही. दोन्ही दुःखं निराळी आहेत, त्यांची कारणं आणि त्यांना जबाबदार असणारेही निराळे. पण वाचक म्हणून पिंटो कुणाच्या शेजारी जाऊन बसतात ते यातून दिसतं.

त्यातही सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’. तिचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये, म्हणजे ‘एम’च्या पाठोपाठ आला. पुण्यातलं मध्यमवर्गीय घर, तिथे राहायला आलेला एक पेइंग गेस्ट, त्याच्या प्रेमात पडलेले भाऊ आणि बहीण, आणि एके दिवशी तो पाहुणा निघून जातो. तनय आपली बाजू त्या गेलेल्या माणसाला ‘तू’ म्हणत सांगतो, अनुजा डायरी लिहिते. त्या पाहुण्याचं नाव आपल्याला कळत नाही. ‘एम’मध्ये सांगणाऱ्या मुलाचं नाव कळत नाही. एकीकडे जाणारा बिननावाचा, दुसरीकडे मागे उरणारा.

वाचायचंच असेल तर सुरुवात ‘एम आणि हूमराव’ने करा. शांता गोखले स्वतः कादंबरीकार, दोन्ही भाषांत सारख्याच मुरलेल्या, त्यामुळे एमचा फटकळपणा मराठीत पांचट होत नाही. एका बैठकीत संपवायचा हट्ट नको. पहिली पन्नास पानं झाल्यावर ‘घडलं काय’ असं वाटलंच, तर मागे जाऊन वॉर्ड ३३ मधला पहिला संवाद पुन्हा वाचा आणि या वेळी एमची उत्तरं सोडून मुलाचे प्रश्न तेवढे वाचत जा.